पडायची शिकवणी

कसबा पेठेत "कसे आहात?" या प्रश्नाला "मजेत!" असं उत्तर देणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. इथलं उत्तर "चाललंय." लॉटरी लागली तरी चाललंय, तिकीट हरवलं तरी चाललंय. कौतुकाचंही तसंच. आमटी उत्तम झाली असेल तर "वाईट नाही," आणि मुलगा वर्गात पहिला आला तर "या वेळी पेपर सोपे होते म्हणे." अशा पेठेत जन्म काढलेल्या माणसानं पन्नाशीनंतर सकारात्मक विचार शिकायला निघायचं, म्हणजे भाद्रपदात रिकामा रस्ता शोधत हिंडायचं.

तरी मी निघालो. कारण आमच्या हिनं पैसे आधीच भरले होते आणि ते परत मिळत नव्हते.

जाहिरात वाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली होती. 'मार्शल आर्ट्सच्या तत्त्वज्ञानातून मनोबल! सात दिवसांत नवे तुम्ही!' मी म्हटलं, "अगं, मला कशाला नवा करतेस?" ती म्हणाली, "अहो, जुने तुम्ही बघून झालेत."

तेव्हा कसब्याच्या भुयारी मेट्रोत बसून मी उपनगरातल्या एका सभागृहात गेलो. तिथले सर पांढऱ्याशुभ्र पोशाखात होते आणि कमरेला काळा पट्टा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा वीस जणांना आरशासमोर उभं केलं आणि पोटातून ओरडायला सांगितलं, "मी सिंह आहे!" माझ्या शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी सिंह असल्याचं इतक्या हळू सांगितलं की ते अर्ज करताहेत असं वाटलं.

मग सरांनी एक फळी मागवली, डोळे मिटले, किंचाळले आणि हाताच्या एका फटक्यात तिचे दोन तुकडे केले. टाळ्या झाल्या. पण आमचं घर तांबट आळीपासून चार पावलांवर. लहानपणापासून वस्तू कशी तुटते यापेक्षा ती कशी घडते हे बघत वाढलेला मी पुढे जाऊन फळी न्याहाळली. लाकूड हलकं होतं, आणि त्याच्या रेषा ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं चिरेल अशी फळी धरलेली होती. जळण फोडणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. मी नम्रपणे विचारलं, "सर, फळी आडवी फिरवून मारली तर?"

सर म्हणाले, "निगेटिव्ह विचार करू नका."

त्या दिवसापासून माझी जागा शेवटच्या रांगेत ठरली.

गृहपाठ मात्र मी प्रामाणिकपणे केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, गॅलरीत उभं राहून, छाती काढून, पोटातून ओरडलो, "मी सिंह आहे!" शनिवारवाड्याकडची कबुतरं उडाली असावीत. वाड्यात क्षणभर शांतता. मग तळमजल्यावरच्या काकूंचा आवाज आला, "सिंहाला सांगा, नळाला पाणी आलंय. बादली लावा म्हणावं."

मी बादली लावली. आणि बादली भरेपर्यंत विचार केला, की ज्या शहरानं बलोपासनेच्या देवालासुद्धा जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती अशी नावं ठेवली, ते मला सिंह म्हणून कितीसं मानणार?

आणि खरं सांगायचं तर, मनोबलाचं सर्वांत मोठं प्रात्यक्षिक आमच्या पेठेच्या तोंडाशीच होऊन गेलेलं आहे. ५ एप्रिल १६६३. लाल महालात शाएस्ताखान ठाण मांडून बसलेला, भोवती मोगली फौज, आणि शिवाजी महाराज मोजकी माणसं घेऊन रात्री आत शिरले. तेही मुदपाकखान्याच्या बाजूनं. खानाची बोटं गेली, आणि पुढे खानही पुण्यातून गेला. आता, महाराजांनी त्या रात्री आरशासमोर उभं राहून सिंहगर्जना केली असती तर काय झालं असतं? फौज जागी झाली असती. महाराजांजवळ गर्जनेपेक्षा मोलाची गोष्ट होती: त्या वाड्यात त्यांचं बालपण गेलं होतं, कुठली भिंत कुठं जाते हे त्यांना ठाऊक होतं. आत्मविश्वास म्हणतात तो बहुतेक वेळा घराच्या नकाशाची माहिती असते.

दुसरा विचार असा आला, की मराठी माणसाला मार्शल आर्ट शिकायला वेगळं जायची गरजच काय? तो दिवसभर आखाड्यातच असतो. सकाळी भाजीवाल्याशी हातघाईवर येतो. ऑफिसात साहेबाविरुद्ध पवित्रा घेतो. साहेब आला की पवित्रा बदलतो. दुपारी कुणाला तरी पेचात धरतो, संध्याकाळी सोसायटीच्या सभेत दंड थोपटतो आणि रात्री घरी आल्यावर चारी मुंड्या चीत होतो. हे सगळे शब्द कुणीतरी मातीत घाम गाळून कमावले. आपण पंख्याखाली बसून त्यांचं व्याज खातो.

त्यातही कसब्याचं खास हत्यार म्हणजे पट्टा. दांडपट्ट्याची रचना मोठी विचार करण्यासारखी आहे. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी मुठीत जातो, त्यामुळे मनगट वळत नाही. पातं लांब आणि लवचीक. चालवणारा सगळं अंग फिरवतो, आणि चारी बाजूंनी गर्दी असली तरी कुणाला जवळ येऊ देत नाही. तोंडाचा पट्टा हुबेहूब असाच. एकदा सुटला की वळवता येत नाही, आणि जवळ कुणी उरत नाही. फरक एवढाच, की खरा पट्टेकरी दुसऱ्याच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू कापून दाखवतो आणि हाताला ओरखडा येऊ देत नाही. आमच्या पट्ट्यात लिंबू शाबूत राहतं, हात जातो.

तिसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलोच नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक जुनी तालीम आहे, तिथं गेलो.

पुण्यात तालमींना तोटा नव्हता. शुक्रवारात चिंचेची तालीम, गंज पेठेत लहुजी वस्तादांची तालीम, जिथं जोतीराव फुल्यांनी दांडपट्टा गिरवला. टिळकांनीसुद्धा डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवलं. (हे उदाहरण मी शाळेत असताना वडिलांना एकदाच दिलं होतं. पुन्हा दिलं नाही.) आमच्या गल्लीतली तालीम मात्र इतिहासात नाही. आत शिरलं की कोनाड्यात शेंदराचा मारुती, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या, एका कोपऱ्यात मल्लखांब आणि मधोमध लाल मातीचा हौद. आरसा नाही.

वस्ताद सत्तरीचे. कान पिळलेल्या लिंबासारखे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरून खाली यायला मधे पोटापाशी थोडा वेळ लागला.

"काय पायजे?"

"मनोबल वाढवायचंय, वस्ताद."

"ते संपलंय. खोरं आहे."

आणि त्यांनी माझ्या हातात खोरं दिलं.

आठवडाभर मी हौदातली माती उकरली. ही माती म्हणजे मोठं प्रकरण असतं. तीत हळद, तेल, ताक, लिंबाचा रस असं काय काय मिसळतात. आमच्या घरात कुठल्याही माणसाचं एवढं पथ्यपाणी होत नाही. एक दिवस उकरली नाही तर ती घट्ट बसते. मी चौथ्या दिवशी, कंबर धरून, विचारलं, "वस्ताद, रोज कशाला?" ते म्हणाले, "घट्ट मातीवर पडलास तर हाड मोडेल. मऊ मातीवर पडलास तर उठशील."

"पण मी न पडण्यासाठीच आलोय."

वस्ताद पहिल्यांदा हसले. तालमीतली पोरंही हसली. मला वाटतं, मारुतीही.

दुसऱ्या आठवड्यात मला पाडण्यात आलं. पाडणारा अकरावीतला मुलगा होता आणि पाडण्यापूर्वी त्यानं वाकून नमस्कार केला. एकेरी पट काढला, आणि माझी अन् आढ्याची समोरासमोर भेट झाली. "काका, हनुवटी छातीला लावा, म्हणजे डोकं आपटत नाही," तो म्हणाला. दिवसभरात मी नऊ वेळा पडलो. नवव्यांदा पडलो ते बरं पडलो, असं एकमत झालं.

घरी येऊन अंगाला शेक घेत असताना वाचलं, की जपानी जुदोतही हाच प्रकार. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकानं १८८२ साली टोकियोत जुदो सुरू केला. हा माणूस अंगानं लहानखुरा. पोरपणी दांडगी पोरं त्याला बडवायची, म्हणून तो झुंजायला शिकला. त्याच्या जुदोत पहिला धडा कुणाला फेकायचं हा नाही. आपण पडायचं कसं, हा आहे. त्याला उकेमी म्हणतात. आणि जुदोतल्या 'जू'चा अर्थ मऊपणा, लवचीकपणा. समोरच्यानं ढकललं तर उलट ढकलू नये. थोडं मागं सरावं, म्हणजे तो स्वतःच्याच जोरानं पुढे येतो. मी म्हटलं, म्हणजे टोकियोतले मास्तर आणि मागच्या गल्लीतले वस्ताद, दोघांचा अभ्यासक्रम एकच निघाला. फक्त त्यांच्याकडे पट्ट्यांचे रंग बदलत जातात आणि आमच्याकडे लंगोट एकाच रंगाचा.

सकारात्मक विचारवाले सांगतात की 'मी हरणार नाही' असं रोज म्हणा. कुस्तीत असं म्हणायची सोयच नाही, कारण रोज सकाळी कुणीतरी तुम्हाला हरवतंच. खाशाबा जाधवांचंच बघा. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तर तिथं कुस्ती गादीवर. जन्मभर मातीत खेळलेला माणूस, आला सहावा. परत येऊन पुन्हा मेहनतीला लागले, आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं होतं. आता मला सांगा, सकारात्मक विचार कुणाचा मोठा? घर गहाण ठेवणाऱ्याचा! आमच्या वाड्यात स्वयंपाकाचा गॅस संपला तर दुसऱ्याला सिलिंडर देताना पावती मागतात.

महिन्याभरानं वस्तादांनी मला मल्लखांबापाशी नेलं.

मल्लखांबाची कथा सांगतात ती मोठी मजेची. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले आणि त्यांनी आव्हान दिलं. सगळे गप्प. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाचा कोवळा पोरगा उठला आणि म्हणाला, मी लढतो. पण मला मुदत द्या. मग तो वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन बसला. तिथं मारुतीनं त्याला लाकडी खांबावर पकडी दाखवल्या, त्यानं त्या घटवल्या, आणि परत येऊन अलीला पाडलं. ते पाहून गुलाबनं लढायचंच सोडून दिलं. या कथेत सगळ्यांना मारुती आवडतो. मला ती मुदत आवडते. भर दरबारात "मी सिंह आहे" न म्हणता "थोडा वेळ द्या" म्हणायला जे लागतं, ते मनोबल.

तर हा खांब. गुळगुळीत, वर निमुळता, एरंडेल चोळलेला. एरंडेलाशी माझा पूर्वीचा परिचय पोटातून होता. पोटात गेलं की पोट साफ, खांबाला लागलं की अहंकार साफ. मल्लखांब हा असा प्रतिस्पर्धी आहे की तो तुम्हाला मारत नाही, शिव्या देत नाही, कौतुकही करत नाही. थोडक्यात, तो कसब्यातलाच. दहा वर्षांची पोरं त्यावर खारीसारखी चढत होती. पायांची अढी घालायची, हात सोडायचे, डोकं खाली करून लटकायचं. मग अढी सोडून अंग फिरवायचं आणि दुसरी पकड घ्यायची. मी जमिनीपासून दीड फुटावर सतरा सेकंद होतो. त्यातले बारा सेकंद उतरायचं कसं या विचारात गेले.

"उतरा की, काका," एक पोरगं म्हणालं.

"अढी सुटत नाहीये रे!"

वस्ताद शांतपणे म्हणाले, "घालायला सगळ्यांना येती. सोडायला शिकायला लागतं."

वस्तादांना आमच्या वाड्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. तरीही मला खांबावर लटकल्या लटकल्या समोरच्या बिऱ्हाडातले अण्णा आठवले.

अण्णांशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण, आमचं चपलांचं स्टँड त्यांच्या बाजूला चार इंच सरकलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि जिना पेशवाईतला असल्यामुळे त्याला बाजूच नाही, असं आमचं. बोलणं नसलं तरी संवाद थांबला नव्हता. तो कागदावर चालू होता. एकदा दारावर चिठ्ठी : 'चपला आपल्या हद्दीत ठेवाव्यात.' त्याखाली माझी : 'हद्द दाखवावी.' त्याखाली त्यांची : 'डोळे असल्यास दिसते.' कराटेत काता नावाचा प्रकार असतो. समोर कुणी नसताना, आहे असं धरून, ठरलेले वार ठरलेल्या क्रमानं करायचे. वर्षानुवर्षं केले की अंगात मुरतात. आमच्या चिठ्ठ्या हा कसब्याचा काता. मनात घातलेली अढी अकरा वर्षं पक्की होती, आणि दोघंही तिथंच, डोकं खाली, लटकलेले.

त्या दिवशी तालमीतून येताना अण्णा जिन्यातच भेटले. मला पाहताच त्यांनी पवित्रा घेतला, घसा खाकरला. मी कानोमास्तरांचं नाव घेतलं आणि म्हणालो, "अण्णा, तुमचं बरोबर होतं. स्टँड चार इंच तुमच्याकडे आलंय."

कसबा पेठेच्या इतिहासात हे वाक्य जिन्यात पूर्वी उच्चारलं गेलं असेल असं मला वाटत नाही. दार ढकलायला सगळं अंग टाकावं आणि दार उघडंच निघावं, तसे अण्णा एक पायरी खाली आले. त्यांनी कठडा धरला. दुसरं, तिसरं, चौथं वाक्य त्यांनी अकरा वर्षं घोटून ठेवलं होतं. ते सगळं तोंडात तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कुणी गेलं का?"

"नाही."

"मग?"

ते थेट आमच्या घरात आले आणि हिला म्हणाले, "वहिनी, यांची साखर तपासली का अलीकडे?"

संध्याकाळी दारावर टकटक झाली. अण्णा मोजपट्टी घेऊन उभे होते. त्यांनी स्टँड मोजलं, भिंत मोजली, पुन्हा स्टँड मोजलं आणि गंभीरपणे म्हणाले, "साडेतीन इंच भरतंय. अर्धा इंच तुम्ही उगाच जास्त कबूल केलात. असं करू नये."

अढी सुटली असं मी म्हणणार नाही. साडेतीन इंच सैल झाली. त्यानंतर त्यांनी चहा घेतला, आणि जाताना "चहा वाईट नव्हता" म्हणाले. हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता मी रोज तालमीतून तांबट आळीवरून घरी येतो. तिथं अजूनही हातोडीचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर एकाशेजारी एक ठोके घालत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पातळ पत्रा ताठ होतो, भांड्याला जोम येतो. पण ठोकत राहिलं की तांबं कडक होत जातं, आणि फार कडक झालं की तडकतं. म्हणून अधूनमधून भट्टीत तापवून त्याला पुन्हा मऊ करतात आणि मगच पुढचे ठोके. पन्नास वर्षं हा आवाज ऐकत आलो. अर्थ मात्र आता, पाठीला मलम लावल्यावर कळला. हौदातली माती, जुदोतला 'जू', मल्लखांबावरची अढी आणि आळीतलं तांबं, सगळे एकच सांगताहेत: कणखर व्हायचं असेल तर रोज थोडं मऊ व्हावं लागतं. समर्थांनी मनासाठी दोनशे पाच श्लोक रचले आणि शिवाय गावोगाव मारुती बसवले, ते उगाच नाही. नुसत्या मनाला सांगून भागलं असतं तर मारुतीचा खर्च कशाला केला असता?

हे तत्त्वज्ञान मी वाड्यात कुणाला सांगत नाही. सांगितलं तर मऊ लागला म्हणून दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात चार बिऱ्हाडांच्या चपला येतील.

सात दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्र आणायला मी गेलो नाही. तालमीत सहा महिने झाले. खोरं अजून माझ्याच हातात आहे. सहाला पाणी येतं, म्हणून पाचलाच जातो आणि माती उकरून बादली लावायला वेळेत परत येतो. काकूंची तक्रार नाही. परवा धीर करून विचारलं, "वस्ताद, माझी प्रगती कशी आहे?"

वस्तादांनी हौदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वाईट नाही."

कसबा पेठेत काळा पट्टा म्हणतात तो हाच.